आजची चित्रं आणि शिल्पं पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनात लोकांबरोबर फिरताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, तेच इथे घेतले आहेत. काही जण हळूच विचारतात, काही चिडून. चिडून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं जरा लांबली आहेत, कारण त्या चिडण्यात बहुतेकदा तथ्य असतं.

आधुनिक कला आणि समकालीन कला एकच ना?

बोलण्यात एकच, कलेच्या इतिहासात वेगळ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून साधारण 1960च्या दशकापर्यंतची ती आधुनिक आणि त्यानंतरची समकालीन, असं ढोबळपणे मानतात. हद्द काही कुंपण घालून आखलेली नाही. गंमत अशी की 'हल्लीचं हे मॉडर्न आर्ट' म्हणून ज्याची टिंगल होते, ते पुष्कळदा आपल्या पणजोबांच्या काळातलं असतं. मार्सेल द्युशाँने मुतारीचं भांडं आडवं ठेवून, त्यावर खोट्या नावाची सही करून, 'फाउंटन' या नावाने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवलं ते 1917 साली. आयोजकांनी ते मांडलंच नाही. मूळ भांडं पुढे हरवलं. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतर करून घेतलेल्या प्रती.

सध्या कोणत्या शैली जास्त दिसतात?

अमूर्त, फोटोइतकी हुबेहूब वास्तवदर्शी, जाहिराती आणि कॉमिक्सच्या वळणाने जाणारी पॉप, मांडणशिल्प, संकल्पनात्मक कला (जिथे वस्तूपेक्षा कल्पना महत्त्वाची), रस्त्यावरची भित्तिचित्रं, धागा-कापडाचं काम, व्हिडिओ आणि डिजिटल. शिवाय गेल्या काही वर्षांत माणसांची चित्रं जोरात परत आली आहेत. पण एकाच भिंतीवर, कधी एकाच चित्रात, यातल्या दोन-तीन शैली सुखाने नांदतात. त्यामुळे शैलीचं नाव ओळखण्याच्या परीक्षेत मी फारशी पडत नाही. आधी पाहते ते हे: कशाने केलंय, केवढं केलंय, आणि हात कुठे घुटमळलाय. नाव मागाहून कळलं तरी चालतं.

अमूर्त चित्रात नेमकं बघायचं काय?

ढगात हत्ती शोधतो तसं चित्रात काही शोधू नका, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मं काम होतं. 'हे झाड आहे का?' असं विचारलं की डोळे झाड शोधण्याच्या कामाला लागतात आणि समोर जे आहे ते राहून जातं.

वासुदेव गायतोंडे यांचं (1924–2001) उदाहरण घेऊ. त्यांच्या चित्रांना सगळे अमूर्त म्हणतात, पण त्यांना तो शब्द पसंत नव्हता. ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. अमूर्त म्हटलं की मुळात काहीतरी मूर्त होतं आणि ते पुसत नेलं असा अर्थ निघतो, आणि त्यांचं तसं नव्हतं. ब्रशपेक्षा त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरायची बोथट सुरी, जास्त वापरला. पातळ रंगाचा थर, तो वाळला की दुसरा, मग काही जागी खरवडून खालचा थर पुन्हा उघडा करायचा. लांबून पिवळसर मातकट धुकं वाटतं. जवळ गेलात की त्या धुक्यात बारीक कडा, डाग, खरखरीत पट्टे असं सगळं वर यायला लागतं. वर्षाला ते मोजकीच चित्रं करत. थर वाळायला वेळ लागतो आणि पुढचा कुठे द्यायचा हे ठरवायला त्याहून जास्त. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं होतं.

दुसरं टोक म्हणजे काझिमिर मालेविचचा 1915चा 'काळा चौकोन'. पांढऱ्यावर काळा, बस्स. रशियन घरात देवाची तसबीर जिथे लावायची पद्धत होती, तिथेच, म्हणजे खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, त्याने तो टांगला होता. छापील पुस्तकात तो सपाट काळा दिसतो. प्रत्यक्षात त्या काळ्या रंगाला जुन्या भिंतीसारखे तडे गेलेत आणि फटींतून खालचे रंग डोकावतात. क्ष-किरण तपासणीत त्याखाली आधीची दोन रंगीत चित्रं सापडली, हे 2015 साली जाहीर झालं. म्हणजे 'काहीच नसलेल्या' चित्राखाली दोन चित्रं गाडलेली!

समोरून काही पोचत नसेल तर बाजूला सरका. तिरप्या उजेडात रंगाचा उंचसखलपणा दिसतो आणि हात किती जोरात, किती सावकाश फिरलाय ते कळतं.

चित्र उलटं टांगलंय की सरळ, हे कसं ओळखायचं?

विचारायला लाजू नका, मोठमोठे चुकलेत. हाँरी मातीसचं होडीचं एक कागदकामाचं चित्र 1961 साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 47 दिवस उलटं लटकत होतं. पीट माँद्रियाँचं रंगीत पट्ट्यांचं 'न्यूयॉर्क सिटी 1' तर कित्येक दशकं उलटं टांगलेलं असावं, असं 2022 साली समोर आलं. आता सरळ करायला गेलं तर जुन्या चिकटपट्ट्या सुटून येतील, म्हणून ते तसंच ठेवलं. आणि गेऑर्ग बाझेलिट्झची माणसं डोकं खाली पाय वर दिसली तर पहारेकऱ्याला हाक मारू नका. तो 1969पासून मुद्दामच तशी रंगवतो. विषयाकडे लक्ष जाण्याआधी रंगाकडे जावं, हा त्याचा डाव.

'असं तर माझी मुलगीही काढेल.' मग ही कला कशी?

काढेलही. लहान मुलांचा हात खरोखर मोकळा असतो, आणि तो मोकळेपणा परत मिळवण्यासाठी कितीतरी चित्रकारांनी उमेदीची वर्षं घालवली. फरक पडतो तो थांबण्यात. कागद हातातून काढून घेतला नाही तर मूल चित्रावरून चित्र काढत जातं. जॅक्सन पोलॉक जमिनीवर पसरलेल्या कॅनव्हासवर भिंतीला लावायचा पातळ एनॅमल रंग काडीने, वाळलेल्या ब्रशने ठिबकवत फिरायचा. तो रंग किती उंचीवरून, किती वेगाने सोडला की रेघ बारीक पडते आणि कधी थारोळं होतं, हे त्याच्या हाताला पाठ होतं. ते पाठ व्हायलाच वर्षं गेली.

तरीही सांगते, प्रत्येक फरकाट्याची बाजू घ्यायची गरज नाही. वाईट अमूर्त चित्रं भरपूर आहेत, आणि ती वास्तवदर्शी वाईट चित्रांपेक्षा सहज खपून जातात. हात किंवा नाक चुकलं तर सगळ्यांना दिसतं; चुकलेला डाग पकडायला नजर लागते.

फोटो काढता येत असताना फोटोसारखं चित्र कशाला?

मलाही हा प्रश्न बरीच वर्षं पडायचा. 'अगदी फोटोसारखं' ही दाद मला कष्टांना दिलेली वाटायची, चित्राला दिलेली नाही. चक क्लोजच्या कामाने मत बदललं.

1967-68 साली त्याने स्वतःचा चेहरा रंगवला, जवळपास 9 फूट उंच, कृष्णधवल. विस्कटलेले केस, चष्मा, तोंडात सिगारेट. आधी फोटोवर चौकटी आखायच्या, तितक्याच चौकटी कॅनव्हासवर मोठ्या आखायच्या, आणि एकेक चौकट रंगाचा फवारा मारणाऱ्या एअरब्रशने उतरवत जायचं. एवढ्या आकारात चेहरा चेहरा राहत नाही; त्वचेची छिद्रं, खुरटी दाढी असा मुलूखच्या मुलूख होतो. क्लोजला माणसांचे चेहरे लक्षात ठेवता येत नसत, तसा विकारच होता त्याला. सपाट केलेला चेहरा मात्र लक्षात राहायचा. 1988 साली मणक्याच्या रक्तवाहिनीतल्या बिघाडाने त्याचं मानेखालचं शरीर जवळपास लुळं पडलं. त्यानंतर हाताला ब्रश बांधून तो रंगवत राहिला. चौकटी मोठ्या झाल्या, प्रत्येकीत रंगीत वेटोळी आणि गोळे आले. जवळून पाहिलं तर निव्वळ अमूर्त ठिपके. दहा पावलं मागे गेलात की माणूस तुमच्याकडे बघत असतो.

गेरहार्ड रिश्टर उलट करायचा. फोटोवरून चित्र करायचा आणि रंग ओला असतानाच कोरडा ब्रश फिरवून ते धूसर करायचा. शिल्पात रॉन म्युइक पाहा: सिलिकॉनची कातडी, एकेक केस रोवलेला, पण माप जाणूनबुजून चुकवलेलं. मेलेल्या वडिलांचं त्याचं शिल्प प्रत्यक्ष माणसापेक्षा बरंच लहान आहे. सगळं खरं आणि माप तेवढं खोटं, म्हणून ते पाहताना घशात काहीतरी अडकतं.

मांडणशिल्प म्हणजे काय? त्यात शिल्प कुठे असतं?

खोली किंवा दालनच वस्तूंनी असं मांडायचं की ते आत शिरून पाहावं लागतं; इंग्रजीत इन्स्टॉलेशन. जागा हाच त्याचा कच्चा माल. चिहारू शिओताने 2015 साली व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात जुन्या होड्यांवर लाल धाग्याचं प्रचंड जाळं विणलं आणि त्यातून लोकांनी दिलेल्या हजारो वापरलेल्या किल्ल्या लोंबत सोडल्या. यायोई कुसामाच्या आरशांच्या खोल्या सगळ्यांना सेल्फीमुळे ठाऊक असतात. त्यातली पहिली 1965ची आहे, हे क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

आय वेवेने 2010 साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातल्या टर्बाइन हॉल या भल्यामोठ्या दालनात सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. बिया चिनी मातीच्या, संख्या सुमारे 10 कोटी, आणि प्रत्येक बी चीनमधल्या जिंगदेझेनच्या कारागिरांनी हाताने रंगवलेली. लांबून राखाडी खडी, उचलून पाहिलं तर बीवर ब्रशच्या तीन-चार रेघा. लोकांनी त्यावरून चालावं अशी कल्पना होती. पण पायांखाली उडणारी चिनी मातीची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून काही दिवसांतच दोरी बांधावी लागली.

माझं सगळ्यात आवडतं काम घानात जन्मलेल्या एल अनात्सुईचं. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं ठोकून, दुमडून, तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधून तो भिंतभर पडदे करतो. लांबून जरीचं वस्त्र वाटतं. नाक लावून पाहिलं तर बुचांवर दारूच्या नावांची छपाई दिसते, आणि मग आठवतं की युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणलेल्या मालात, गुलाम केलेल्या माणसांच्या मोबदल्यात दिलेल्या मालात, दारू होती. पडदा टांगायचा कसा याचा ठरलेला नकाशा तो देत नाही. दर प्रदर्शनात चुण्या वेगळ्या पडतात.

भिंतीला चिकटवलेलं केळं ही कला आहे का?

मॉरिझिओ कॅटेलानने 2019 साली मायामीच्या कलाजत्रेत चिकटपट्टीने केळं लावलं, नाव ठेवलं 'कॉमेडियन', आणि ते 1,20,000 डॉलरला विकलं गेलं. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याचीच एक आवृत्ती लिलावात 62 लाख डॉलरला गेली आणि घेणाऱ्याने केळं खाऊन टाकलं. त्याने नुकसान काहीच झालं नाही, कारण विकत मिळतं ते प्रमाणपत्र आणि लावायच्या सूचना. केळं बदलायचंच असतं.

मला स्वतःला ते विनोद म्हणून बरं वाटतं, दुसऱ्यांदा सांगण्याइतकं नाही. पण त्यावरून अख्ख्या संकल्पनात्मक कलेला मोडीत काढू नका. फेलिक्स गोन्झालेस-टोरेसचं 1991चं एक काम आहे: खोलीच्या कोपऱ्यात चकचकीत कागदांतल्या गोळ्यांचा ढीग, ठरलेलं वजन 175 पौंड, म्हणजे सुमारे 79 किलो. येणाऱ्याने एक गोळी उचलायची, खायची. ढीग कमी होत जातो, संग्रहालय तो पुन्हा भरतं. हे त्याच्या जोडीदाराचं, रॉसचं, व्यक्तिचित्र आहे. रॉस त्याच वर्षी एड्सने गेला, आणि जाण्याआधी त्याचं वजन असंच घटत गेलं होतं. हे ठाऊक नसताना गोळी गोड लागते. कळल्यावर ती जिभेवर किती वेळ राहते, ते ज्याचं त्याने पाहावं. इथेही वस्तू बदलता येते, सूचना कागदावरच असतात. केळ्याची आणि याची यंत्रणा एकच.

कोणते विषय सारखे दिसतात?

ओळख हा सगळ्यात मोठा. कुणाचं चित्र मोठ्या भिंतीवर लागतं आणि कुणाचं लागत नाही, इथून तो सुरू होतो. केहिंदे वायलीने 2005 साली आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनच्या प्रसिद्ध चित्राची रचना उचलली, घोडा तसाच उधळलेला ठेवला, आणि वर बसवला आजच्या कपड्यांतला कृष्णवर्णीय तरुण. केरी जेम्स मार्शल याहून मुरलेला चित्रकार. त्याच्या माणसांची कातडी तपकिरी नसते, काळी असते. ट्यूबमधले वेगवेगळे काळे, हस्तिदंती काळा, कार्बन काळा, मार्स काळा, त्यात कुठे निळ्याची, कुठे हिरव्याची छटा मिसळून तो काळ्यातच गाल, कपाळ, हनुवटी घडवतो. छपाईत हे सगळं मरतं.

स्थलांतर आणि सीमा हा दुसरा. डोरिस साल्सेडोने 2007 साली त्याच टर्बाइन हॉलच्या जमिनीला 167 मीटर लांबीची भेग पाडली. प्रदर्शन संपल्यावर ती बुजवली, पण व्रण अजून दिसतो.

हवामान हा तिसरा, आणि यात उपदेश फार होतो. ओलाफुर एलियासनने 2015 साली हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसच्या चौकात ग्रीनलंडहून आणलेल्या बर्फाच्या 12 शिळा घड्याळासारख्या गोल मांडल्या. लोक त्यांना मिठ्या मारत, कान लावून आत अडकलेल्या हवेचे बुडबुडे फुटताना ऐकत. एवढा बर्फ वाहून आणायला इंधन किती जळलं, हा टोमणाही त्याला ऐकावा लागला, आणि तो टोमणा रास्तच होता.

आठवणी, शरीर, घरकाम, आजारपण हे विषयही आहेतच.

भरतकाम आणि विणकाम हस्तकलेत मोडत नाही का?

मोडायचं, कारण ते बायकांचं काम समजलं जायचं. नव्या विचारांचं म्हणून गाजलेल्या जर्मनीतल्या बाउहाउस शाळेतही मुलींना बहुतेक विणकाम विभागातच धाडत. ॲनी अल्बर्स तिथे नाइलाजाने गेली आणि तिने त्याच मागावर अमूर्त कलेतलं अव्वल काम केलं. मृणालिनी मुखर्जी यांनी तागासारख्या जाड दोराला हाताने गाठी मारत माणसाहून उंच देवतासदृश आकृती उभ्या केल्या. गाठ ही त्यांची छिन्नी. आज धाग्याचं काम मोठ्या प्रदर्शनांत मध्यभागी असतं, आणि 'हस्तकला' हा शब्द हिणवायला वापरणारे कमी झालेत.

नुसतं बसून राहणं ही कला कशी?

मरिना अब्रामोविच 2010 साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात तीन महिने खुर्चीवर गप्प बसली. समोरच्या खुर्चीवर कुणीही येऊन बसावं. एकूण 700 तासांहून जास्त. त्यात काय, असं वाटलं तर तिचं 1974चं नेपल्समधलं काम आठवावं: टेबलावर 72 वस्तू, गुलाब, मध, कात्री, गोळीसकट पिस्तूल, आणि लोकांना 6 तास मुभा की तिच्या शरीरावर यांपैकी काहीही वापरा. सुरुवातीला लोक बुजले होते. शेवटी कपडे फाडले गेले होते आणि पिस्तूल तिच्यावर रोखून झालं होतं.

रस्त्यावरचं चित्र आणि भिंती घाण करणं, फरक काय?

परवानगीचा, एवढाच कायदेशीर फरक. कीथ हॅरिंगने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या कागदांवर खडूने शेकडो चित्रं काढली आणि त्यापायी अनेकदा पकडलाही गेला. बँक्सीच्या फुगेवाल्या मुलीच्या चित्राच्या 2018च्या लिलावात हातोडा पडताच चौकटीत त्यानेच लपवलेल्या यंत्राने अर्ध्या चित्राच्या चिंध्या केल्या. तेच फाटकं चित्र 2021 साली मूळ बोलीच्या कितीतरी पट किमतीला, 1 कोटी 85 लाख पौंडांच्या वर, गेलं. बाजाराला टोमणा मारायला जावं आणि बाजाराने तोही विकत घ्यावा.

इतक्या कलाकृतींना 'शीर्षकहीन' का म्हणतात?

काही जणांना नाव देऊन तुमचं पाहणं आधीच वळवायचं नसतं. काहींना सुचत नाही.

एआयने केलेलं चित्र कला म्हणायचं का?

यंत्राने चित्र काढणं नवं नाही. हॅरॉल्ड कोहेन 1970च्या दशकापासून 'आरन' नावाच्या प्रणालीकडून रेखाटनं करून घेत होता, पण तिचे नियम तो स्वतः लिहायचा. आजची साधनं इतरांच्या कोट्यवधी चित्रांवर पोसलेली आहेत आणि त्या इतरांना विचारलेलं नाही. माझी खरी हरकत तिथे आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका अशी की माणसाची निर्मिती नसलेल्या भागाला हक्क मिळत नाही. दिसायला सांगाल तर सध्याची बरीच एआय-चित्रं एकाच दुकानातून आणल्यासारखी गुळगुळीत असतात. त्यांत हात घुटमळलेला सापडत नाही, कारण हातच नसतो.

प्रिंटखाली 7/50 लिहिलेलं असतं, ते काय?

पन्नास प्रतींच्या आवृत्तीतली सातवी. पण आधी हे विचारा की छापचित्र आहे की छायाप्रत. लाकडात किंवा धातूत कोरून, दगडावर काढून हाताने छापलेलं चित्र मूळ कलाकृती असते. तयार चित्राचा फोटो घेऊन इंकजेटवर काढलेली प्रत कितीही छान कागदावर असली तरी प्रतच.

मी स्वतः चित्रं काढते. माझी एक शैली पक्की असायला हवी का?

विकणाऱ्यांना हवी असते, ओळखायला सोपं पडतं. रिश्टर आयुष्यभर धूसर फोटोचित्रं आणि रबरी पट्टीने ओढलेली अमूर्त चित्रं शेजारी शेजारी करत आला. फिलिप गस्टन नाजूक अमूर्त चित्रांसाठी नावाजलेला होता. 1970 साली त्याने न्यूयॉर्कमध्ये अचानक गुलाबी, ओबडधोबड, व्यंगचित्रासारखी बुरखेधारी माणसं, बूट आणि सिगारेटी टांगल्या. समीक्षकांनी झोडपलं, जुने मित्र तुटले. आज माणसांची चित्रं काढणारे कितीतरी तरुण त्याच्या त्या बुटांकडे पाहून शिकतात.

प्रदर्शनात फोटो काढले तर चालतं का?

फ्लॅश बंद ठेवून, पाटी वाचून, बहुतेक ठिकाणी चालतं. एक फोटो शेजारच्या माहितीपाटीचाही घ्या, घरी गेल्यावर नाव आठवत नाही. आणि चित्राला चौकट नसेल तर कॅनव्हासच्या बाजूच्या कडेचा एक घ्या. पुढून झाकून टाकलेले रंग तिथे ओघळून वाळलेले असतात.